खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे किती ठेवावेत? गर्दी, तिचे परिणाम आणि नवख्यांना द्यायचा सल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या मरिन टँकमध्ये आजाराच्या नावावर जमा होणाऱ्या कित्येक मृत्यूंच्या मुळाशी गर्दी असते. ज्यांच्याकडे दोन ते चार फुटांची टाकी आहे आणि शौक अजून पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. असे लोक ज्यांना फोन करून विचारतात, त्या जुन्या शौकिनांसाठीही आहे.

तीन फुटी टाकीत नेमके किती मासे बसतात?

आधी पाणी किती आहे ते मोजा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीला दुकानात १८० लिटर सांगतात. आतून माप घेतलं तर ९० बाय ४५ सेंमी तळ आणि पाण्याची पातळी ४० सेंमी, म्हणजे १६२ लिटर. त्यातून चार सेंमी वाळूचे साधारण १० लिटर आणि १५ किलो दगडाचे ७-८ लिटर वजा केले की खरं पाणी १४५ लिटरच्या आसपास उरतं. औषधाचा डोस आणि माशांचा हिशोब दोन्ही याच आकड्यावर करायचे.

एवढ्या पाण्यात चार-पाच लहान मासे. उदाहरणार्थ, ऑसेलारिस क्लाउनची एक जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी, आणि पाच-सहा महिने टाकी स्थिर चालली तर शेवटी एक रॉयल ग्रामा. फायरफिश उडी मारतो, त्यामुळे वर जाळी हवीच. दोन फुटी टाकीत खरं पाणी ५०-५५ लिटर असतं. तिथे क्लाउनची जोडी आणि एखादा छोटा गोबी, बस. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सात-आठ मासे आणि त्यात कोरल ब्यूटीसारखा एखादा ड्वार्फ एंजल चालतो.

सम्प, म्हणजे मुख्य टाकीखाली जोडलेली फिल्टरची टाकी, असेल तर त्यातलं पाणी हिशोबात धरता येतं, पण ते फक्त घाण पातळ करण्यापुरतं. माशाला पोहायला जागा वरच्या टाकीतच मिळते.

लिटरला एक सेंटिमीटर मासा, असा काही नियम नाही का?

असे नियम गोड्या पाण्यातल्या लहान माशांवरून आलेत आणि तिथेही ते कच्चेच आहेत. मेख वजनात आहे. मासा लांबीने दुप्पट झाला की उंचीने आणि जाडीनेही दुप्पट होतो, म्हणजे वजन साधारण आठपट. पाच सेंमीचे दोन मासे आणि दहा सेंमीचा एक मासा पट्टीवर सारखेच दिसतात. खाणं, श्वास आणि घाण यांत मात्र तो एकटा मासा चौघांना भारी पडतो.

गोड्या पाण्याच्या टाकीत मी वीस मासे आरामात ठेवले. इथे काय वेगळं?

तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली ऑक्सिजन. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६.८. सुरुवातच पाचव्या हिश्श्याने कमी.

दुसरी अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारं विष. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक फारसं त्रास न देणारं आणि दुसरं कल्ले जाळणारं. पीएच ७ असताना जाळणारं रूप शंभरात एकाहूनही कमी असतं. मरिन टाकीत पीएच ८.१ ते ८.३ ठेवावा लागतो आणि तिथे ते शंभरात सहा ते आठ होतं. टेस्ट किटवर रंग तोच, पण मासा दहापट अडचणीत.

तिसरी म्हणजे हद्द. रीफवरचे बरेच मासे एखाद्या कपारीभोवती आयुष्य काढतात आणि ती कपार जिवापाड राखतात. कळपाने फिरणाऱ्या टेट्रांसारखं त्यांचं गणित नाही.

दुकानात तर एका छोट्या कप्प्यात पंधरा-वीस मासे असतात. ते कसे जगतात?

ते कप्पे बहुतेकदा एकाच मोठ्या सम्पला जोडलेले असतात, मासे तिथे काही दिवसच थांबतात आणि खाणं कमी दिलं जातं. शिवाय सगळेच नवे आणि घाबरलेले असल्याने हद्द आखायला कोणाला उसंत नसते. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून खरे स्वभाव दिसू लागतात. दुकानातला कप्पा पाहून घरचा आकडा ठरवू नका.

आत्ता पाच सेंमीचाच आहे. मोठा झाला की मोठी टाकी घेऊ. चालेल का?

मोठी टाकी आज घरात पाण्याने भरलेली असेल तर चालेल. नाहीतर नको. हा बेत बहुधा बेतच राहतो, कारण सहा फुटी टाकी म्हणजे नुसती काच नसते. स्टँड, जमिनीवरचं पाऊण टन वजन, चिलर आणि विजेचं बिल असं सगळं एकदम अंगावर येतं.

ज्यांचं पिल्लू लहान टाकीत सर्रास विकलं जातं, त्यांची पूर्ण वाढ पाहा. ब्लू टँग २५ ते ३० सेंमी. एम्परर एंजल आणि सेलफिन टँग ४० सेंमीपर्यंत. लायनफिश ३५ सेंमीच्या पुढे, आणि तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचं जेवण. बॅटफिश अर्ध्या मीटरपर्यंत. हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग आपल्याकडे सहज मिळतो. तो २० सेंमीच्या पुढे जातो, दिवसभर पोहत राहतो आणि जागा अपुरी पडली की सगळ्यांत आधी त्याच्याच अंगावर पांढरे ठिपके येतात. या सगळ्यांना तीन किंवा चार फुटी टाकीत जागा नाही.

टाकीच्या मापाने मासा वाढतो, ही समजूत चुकीची आहे. वाढ खुंटते ती नायट्रेट (घाणीतून शेवटी पाण्यात साठणारा पदार्थ), ताण आणि अपुऱ्या खाण्यामुळे. तो मासा लहान राहिलेला नसतो, आजारी असतो. नीट ठेवलेला ऑसेलारिस क्लाउन टाकीत वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. टँगही तितकी वर्षं काढू शकतात. माझा मासा दोन वर्षं जगला, यावरून टाकी पुरेशी होती असं म्हणता येत नाही.

चार मासे टाकले तरी टाकी रिकामी दिसते. काय करावं?

दगड नव्याने रचा. सगळा दगड मागच्या काचेला टेकून भिंतीसारखा लावला की मासे मागे लपतात आणि समोर नुसतं पाणी दिसतं. दोन वेगळे ढीग करा, मध्ये वाट ठेवा, कपारी आरपार ठेवा. तेच चार मासे दिवसभर डोळ्यांसमोर राहतात. मासे न वाढवता हालचाल हवी असेल तर क्लीनर श्रिंप, हर्मिट खेकडे, गोगलगायी ठेवा. वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप एका बिळात राहतात. श्रिंप वाळू उपसतो आणि गोबी दाराशी पहारा देतो. तासभर बघत बसावं असं दृश्य असतं.

मोठा स्किमर आणि भारी फिल्टर लावला तर जास्त मासे ठेवता येतील ना?

थोडे येतील, वाटतात तितके नाही. स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर ५०० लिटर लिहिलेलं असतं ते हलक्या भाराच्या टाकीसाठी. माशांच्या टाकीला पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा स्किमर धरावा. पण मूळ हिशोब खाण्याचा आहे आणि तो कागदावर करून बघण्यासारखा आहे.

एक ग्रॅम कोरड्या खाण्यात ४५ टक्के प्रथिनं धरली तर त्यात सुमारे ०.०७२ ग्रॅम नायट्रोजन असतं. ते सगळं शेवटी नायट्रेट झालं तर सुमारे ०.३२ ग्रॅम नायट्रेट, म्हणजे १४५ लिटरमध्ये २.२ पीपीएम (लिटरमागे २.२ मिलिग्रॅम). रोज एक ग्रॅम घातलं तर आठवड्याला १५ पीपीएम. यातलं निम्मं माशांच्या वाढीत, स्किमरच्या कपात आणि शेवाळात गेलं असं उदारपणे धरलं, तरी सात-आठ उरतात.

आता पाणी बदलण्याकडे या. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं की साठलेल्या नायट्रेटचाही दहावा हिस्साच जातो. आठवड्याला ८ पीपीएम वाढत असेल तर आकडा चढत चढत ८० च्या आसपास जाऊन थांबतो. तिथे पोचल्यावर मग जितकं येतं तितकंच जातं. तो २० वर हवा असेल तर दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदलावं लागेल, नाहीतर खाणं म्हणजेच मासे कमी करावे लागतील. दर आठवड्याला ६० लिटर आरओ पाणी आणि दोन किलोहून जास्त मीठ किती महिने जमेल, हे ज्याचं त्याने बघावं.

आणि यातलं कुठलंही यंत्र वीज गेल्यावर चालत नाही.

वीज गेली तर गर्दीच्या टाकीत काय होतं?

सर्वांत आधी ऑक्सिजन संपतो. पंप थांबले की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि हवा आत जायची थांबते. चार लहान माशांची टाकी तशीच बराच वेळ तग धरते. टँग आणि एंजल कोंबलेल्या टाकीत दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणूनच टाकीची क्षमता तिच्या सगळ्यांत वाईट रात्रीवरून ठरवावी: मे महिना, पाणी ३१ अंश, रात्रीचे दोन, वीज गायब आणि घरात कोणी जागं नाही. त्या रात्रीतून जितके मासे निघतील तितकेच ठेवावेत.

तयारी साधी आहे. पाच-सहा वॅटचा एक डीसी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप) घरच्या इन्व्हर्टरवर टाका. त्याचा भार इन्व्हर्टरला जाणवतही नाही. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो आठ-दहा तास चालतो. बॅटरीचा एअर पंप घरात असावाच, आणि महिन्यातून एकदा चालवून बघावा. वीज नसताना खायला घालू नका, झाकण काढून ठेवा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तासाहून जास्त बंद राहिला तर तसाच सुरू करू नका. आत कोंडलेलं पाणी सडलेलं असतं. ते ओतून द्या, आतला स्पंज-सिरॅमिक टाकीच्याच पाण्यात खळबळून मग जोडा.

उन्हाळ्यात वेगळी काळजी?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला तो जास्त लागतो, दोन्हीकडून कोंडी. २५ ते २७ अंश ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुणे-नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत कमी. तिथे चिलरला पर्याय नाही. पंख्याने उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्याने करायची, खाऱ्याने नाही. मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

टाकीत गर्दी झालीय हे कळतं कसं?

पहाटे, दिवे लागायच्या आधी बघा. मासे वरच्या थरात किंवा पंपाच्या तोंडाशी जमलेले असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय. त्याच वेळी पीएच मोजा. रोज पहाटे ७.८ च्या खाली जात असेल तर श्वासाचा भार जास्त आहे किंवा खोली फार बंद आहे. खोलीचा दोष आहे का हे एक दिवस खिडकी उघडी ठेवून कळतं.

पाणी बदलून आठवड्यात नायट्रेट दहाने चढतंय, काचेवर दुसऱ्याच दिवशी हिरवट थर, एखाद्या माशाचे पंख सतत कुरतडलेले, एखादा मासा कोपऱ्यात हीटरमागेच दिसतो आणि फक्त खायला बाहेर येतो, ही बाकीची लक्षणं. शेवटचं लक्षण लोक लाजाळूपणा समजतात. त्या माशाला पोहायला मोकळी जागाच उरलेली नसते.

मासे दाटीने ठेवले की मारामारी वाटली जाते म्हणतात. खरं का?

हा तोडगा गोड्या पाण्यातल्या आफ्रिकन सिक्लिड माशांच्या टाक्यांतला आहे. मरिनमध्ये डॅमसेल आणि डॉटीबॅक यांच्यावर तो चालत नाही. थ्री-स्ट्राइप डॅमसेल पाच टाकले की काही महिन्यांत बहुतेकदा एक-दोनच उरतात. डॉमिनो डॅमसेल पिल्लू असताना गोड दिसतो, मोठा झाला की नव्या माशाला टाकीत टिकू देत नाही.

मासे कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने टाकायचे?

भित्रा आधी, दांडगा शेवटी. गोबी आणि फायरफिश पहिले, क्लाउन नंतर, ड्वार्फ एंजल सगळ्यांत शेवटी. क्लाउनची दोन्ही पिल्लं एकाच वेळी घ्या, एक थोडं मोठं एक लहान; मोठं मादी होतं, लहान नर राहतं आणि भांडण मिटतं. दोन मोठे क्लाउन एकत्र टाकले तर दोघी माद्या निघण्याचा धोका असतो.

एका वेळी एक मासा किंवा एक जोडी, मग दोन-तीन आठवडे थांबा. अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू जितका अमोनिया मिळतो तितकेच असतात. एका दिवसात खाणं दुप्पट झालं तर ते एका दिवसात दुप्पट होत नाहीत. नवा मासा आल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी अमोनिया मोजा. शून्याच्या वर काही दिसलं तर पुढची खरेदी पुढे ढकला.

सायकल करायला, म्हणजे नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला, आधी दोन-चार डॅमसेल टाका, असं सांगितलं. टाकू का?

नको. चार ते सहा आठवडे ते अमोनियात भाजतात, जगले तर टाकीचे मालक होऊन बसतात आणि नंतर त्यांना पकडायला सगळा दगड उपसावा लागतो. अमोनियम क्लोराइड थेंबाथेंबाने घालून पाणी २ पीपीएमवर न्या. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की सायकल झाली. मोठं पाणी बदला आणि मगच पहिला मासा आणा.

घरच्या आरओचं किंवा समुद्राचं पाणी चालेल का?

घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चव राखायला थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप) ५० ते १०० च्या घरात असतो. आपल्याला शून्य हवा. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार काढणारी) नळी जोडा आणि अंदाजावर न जाता टीडीएस मीटरने मोजा. मीठ नेहमी पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. १५ लिटरला साधारण ५५० ग्रॅम, पंपाने रात्रभर फिरवून मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ ते १.०२६ बघा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवलेला असावा.

मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी अजिबात नको; सांडपाणी आणि तेल दोन्ही असतं. कोकणातही खाडीच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात पाणी गढूळ होतं आणि खारेपणा बराच उतरतो. येताना किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणणं तर गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना सर्वोच्च श्रेणीचं संरक्षण आहे. समुद्रघोड्यांनाही २००१ पासून या कायद्याचं संरक्षण आहे. कोरडा सिरॅमिक किंवा सिमेंटचा दगड वापरा, जिवाणू त्यावरही तितकेच बसतात.

पांढरे ठिपके आलेत. गर्दीशी संबंध आहे का?

थेट आहे. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावरून गळून वाळूत-दगडावर गाठ धरतो आणि एका गाठीतून शेकडो पोहणारे जीव बाहेर पडतात. त्यांना थोड्याच तासांत मासा सापडावा लागतो. मोकळ्या पाण्यात बरेच जीव मासा न मिळाल्याने मरतात, दाटीच्या टाकीत प्रत्येकाला मासा मिळतो. दर फेरीत ठिपके वाढत जातात ते यामुळे.

तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालू नका. श्रिंप, गोगलगायी मरतात आणि दगड तांबं शोषून घेतो. सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवा, तांब्याची पातळी रोज किटने मोजून बाटलीवर दिलेल्या मर्यादेत ठेवा. मुख्य टाकी माशांविना ठेवा. शौकीन साधारण ७६ दिवस धरतात. वेगळी टाकी म्हणजे ४०-५० लिटर, वाळू-दगड काही नाही, लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो, आणि आधीच तीन-चार आठवडे सम्पमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर. प्रत्येक नवा मासा तिथे महिनाभर राहिला तर ही वेळच कमी येते.

आत्ता अमोनिया ०.५ दाखवतोय आणि टाकी भरलेली आहे. तातडीने काय करू?

१. एअर स्टोन (एअर पंपाची हवा पाण्यात बुडबुड्यांनी सोडणारा दगड) पूर्ण जोरात सुरू करा.
२. मासे मोजा. एखादा कमी असेल तर दगडामागे शोधा. ३० ग्रॅमचा मेलेला मासा पूर्ण कुजला तर १४५ लिटरमध्ये अमोनिया सात पीपीएमपर्यंत नेऊ शकतो.
३. ३० ते ५० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा आधी जुळवा. घाईत ते चुकलं तर मासे त्यानेच जातात.
४. दोन दिवस खाणं बंद. निरोगी माशाला यात काही होत नाही.
५. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्यात धुऊ नका, नवा घालू नका. जिवाणू तिथेच आहेत.
६. अमोनिया बांधणारं कंडिशनर असेल तर घाला, पण त्यानंतर साध्या किटवर अमोनिया दिसतच राहतो हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा परत चढला तर मासे कमी केल्याशिवाय उपाय नाही. धुतलेल्या खाद्य दर्जाच्या ड्रममध्ये एअर स्टोन आणि पंप लावून मोठे मासे त्यात काढा.

जास्तीचे मासे कुठे द्यायचे?

बरेच दुकानदार बदल्यात खाणं किंवा मीठ देऊन मासा परत घेतात. आधी फोन करून विचारा, नेल्यावर नाही. मोठी टाकी असलेला शौकीन मिळाला तर उत्तम. समुद्रात सोडू नका. मासा मूळचा आपल्याच समुद्रातला असला तरी टाकीत दूरदूरच्या माशांचे रोग एकत्र आलेले असतात. सोडलेले शोभेचे मासे काय करतात हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसलंय: १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिला लायनफिश नोंदला गेला आणि आज कॅरिबियनभर तो तिथले लहान मासे फस्त करतोय.

एखाद्या नवख्याने मदत मागितली तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर देण्याआधी आकडे मागा. टाकीची लांबी, रुंदी, उंची. पाणी भरून किती दिवस झाले. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, खारेपणा, तापमान, आणि किट कोणतं व किती जुनं. माशांची नावं, आजची लांबी, प्रत्येक कधी आणला. खाणं काय, किती, दिवसातून कितीदा. पांढऱ्या दिव्यात काढलेला फोटो. निळ्या दिव्यात ठिपकेही दिसत नाहीत आणि शेवाळही. बरेचदा ही यादी भरता भरता विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर सापडतं.

मग आधी आजची रात्र निभवायचा उपाय सांगा, कारण नंतर. "एवढे मासे कशाला भरलेत?" हे पहिलं वाक्य असेल तर माणूस पुढचं ऐकत नाही आणि पुढच्या वेळी विचारत नाही, मासे मात्र त्याच टाकीत राहतात. असं काहीसं लिहिता येईल:

"दादा, फोटो बघितला. आत्ता तीन गोष्टी करा: एअर स्टोन लावा, खाणं बंद, आणि ४० लिटर पाणी बदला, खारेपणा जुळवून. उद्या सकाळी अमोनिया मोजून आकडा पाठवा. एक गोष्ट मनात ठेवा, दोन टँग या टाकीत राहू शकणार नाहीत. या आठवड्यात त्यांच्यासाठी जागा शोधू, मी एक-दोन ठिकाणी विचारतो."

यात तीनच कामं आहेत, पाणी किती बदलायचं याचा आकडा आहे आणि पुढचं पाऊल ठरलेलं आहे. दहा सूचना एकदम दिल्या की सोपी तेवढी केली जाते, आणि सोपी म्हणजे बहुधा बाटलीतलं काहीतरी ओतणं. म्हणून पहिल्या दिवशी औषधाचं नाव काढूच नये.

"पण दुकानदार म्हणाला चालतं" यावर काय सांगावं?

दुकानदाराला खोटं ठरवायला जाऊ नका. त्या माणसाला पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न द्या: हा पूर्ण वाढल्यावर किती सेंमी होतो, दुकानात किती दिवस झाले, काय खातो. आणि घेण्याआधी सरळ म्हणायचं, "भाऊ, जरा खायला टाकून दाखवा." न खाणारा मासा घ्यायचा नाही. मँडरिन आणि क्लीनर रास यांच्या बाबतीत ही परीक्षाही पुरत नाही. पहिल्याला दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) लागतात, दुसऱ्याला साफ करायला मासे. नव्या टाकीत दोघेही हळूहळू उपाशी मरतात. क्लाउन घेताना हॅचरीतला मागा. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे आणि असे मासे पहिल्या दिवसापासून गोळी खातात.

सांगूनही ऐकलं नाही तर?

वाद घालू नका, एक मोजमाप द्या. दर रविवारी नायट्रेट आणि रोज पहाटेचा पीएच वहीत लिहायला सांगा. महिन्याभरात चढणारा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला की चर्चा सोपी होते. दोन जाणत्यांचे सल्ले उलटसुलट आले तर नवख्याने एकाचाच धरावा. दोन अर्धवट उपचार एकत्र झाले की माशाला दोन्हींचा त्रास होतो.

मोठी टाकी खरंच आली. मासे हलवायचे कसे?

नव्या टाकीत नवी वाळू घाला. जुनी वाळू उपसली की तळाची घाण उसळते आणि अमोनिया चढतो, म्हणून ती टाकून द्या. फार तर वरच्या थरातली मूठभर घ्या. नवं खारं पाणी आदल्या दिवशी मिसळून, तापमान जुळवून तयार ठेवा. जुना दगड आणि फिल्टरचा स्पंज पाण्यात बुडवूनच न्या, हवेत सुकू देऊ नका. दगड आधी, मासे शेवटी. सुरुवातीचे दोन आठवडे रोज अमोनिया मोजा, खाणं निम्मं ठेवा आणि जागा झाली म्हणून नवा मासा लगेच आणू नका. दीड-दोन महिने त्याच माशांवर टाकी चालू द्या.